रोजाचा दर आणि वर्षाची भाकरी

अंबड-घनसावंगीचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, तेव्हा रक्कम मोठी दिसते; हंगामाअखेर हिशेब मात्र त्याच्याच अंगावर फिरतो. याच जालना जिल्ह्यातून संगणक-अभियंता होऊन पुण्याच्या हिंजवडीत कंत्राटावर गेलेल्या तरुणाची स्थिती तत्त्वतः निराळी नाही.

त्याला दिवसाचे 5,000 रुपये मिळतात असे धरू. गाव दिपून जाते. परंतु 365 दिवसांतून शनिवार-रविवारचे 104 वजा जाता 261 उरतात. सण, आजार व रजेचे 25 आणि दोन कंत्राटांमधील खंडाचे 40 दिवस वगळले, तर मोबदल्याचे दिवस 196 राहतात. 13 लाख 5 हजारांचे 9 लाख 80 हजार होतात. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा नाही, भरपगारी रजा नाही. चढा दर ही मेहेरबानी नव्हे. भांडवलाने श्रमिकाच्या माथी मारलेल्या जोखमीची ती अपुरी किंमत आहे.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने पुरविलेल्या मजुराला काही संरक्षण तरी दिले होते. स्वतःच 'सल्लागार' म्हणून करारावर सही करणारा मात्र कामगार म्हणून मोजलाच जात नाही.

कार्यकर्त्यांनी या तरुणाला पांढरपेशा म्हणून दूर लोटू नये. मुकादमाच्या दारी उभा असलेला बाप आणि एजन्सीच्या निरोपाची वाट पाहणारा मुलगा एकाच रांगेत आहेत. हे दोघांनाही पटवून देणे, हेच आजचे संघटनाकार्य होय.