लस परक्यांच्या हाती, तर प्राण कोणाच्या हाती?

1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगने डोके वर काढले आणि त्या भीतीने सारा मराठवाडा झाकोळून गेला. पुढच्याच महिन्यात सुरतेतून लाखो लोक पळाले. अनेक देशांनी भारताची विमाने रोखली. संकट आले की जग आपल्यासाठी दारे बंद करते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आपण तो गिरवला काय?

गिरवला तो एका अभियंत्याने. वरप्रसाद रेड्डी यांनी 1993 मध्ये हैदराबादेत शांता बायोटेक्निक्स ही लहानशी कंपनी काढली. तंत्रज्ञान मागायला गेले असता परदेशी कंपनीने हिणवून परत पाठवले, असे ते स्वतः सांगत आले आहेत. आरंभीचे मोठे भांडवल ओमानमधून आले. देशातील थैल्यांची तोंडे उघडली नाहीत. तरीही 1997 मध्ये जनुकीय तंत्राने बनलेली पहिली भारतीय हिपॅटायटिस-बी लस बाजारात आली आणि आयात लशीचे चढे दर कोसळले.

पुढे काय झाले? 2009 मध्ये सनोफी या फ्रेंच कंपनीने शांता ताब्यात घेतली; मूल्य ठरले 55 कोटी युरो. त्याच वर्षी ‘शांचोल’ ही पटकीवरील तोंडाने द्यायची लस तयार झाली होती. सनोफीने 2022 मध्ये तिचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तोही जगभर पटकीच्या लशीचा दुष्काळ पडलेला असताना! भारतीय बुद्धीतून जन्मलेल्या लशीचे भवितव्य परदेशातील संचालक मंडळाने ठरवले. यात बेकायदेशीर काहीच नाही. दुःख तर हेच आहे.

दोष केवळ परकीयांना देऊन चालणार नाही. 2008 च्या जानेवारीत, संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीत, कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लससंस्थांचे परवाने एकाच वेळी स्थगित झाले. गुणवत्तेच्या त्रुटी असतील, तर त्या दुरुस्त करायच्या, की घराला टाळे ठोकायचे? 2010 मध्ये स्थगिती उठली. पण दरम्यानची हानी कोणी भरून दिली?

कोरोनाकाळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला आणि भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन घडवली. चाचण्यांच्या आकडेवारीविषयी प्रश्न विचारणे हा शास्त्राचा धर्मच आहे. परंतु अखिलेश यादव यांच्यासारख्या नेत्यांनी लशीला पक्षाचे लेबल चिकटवले, ते कोणत्या शास्त्रात बसते? फायझर मात्र कायदेशीर दायित्वातून सूट मागत होती. पुण्याच्याच जिनोव्हाने एम-आरएनए लस सिद्ध केली. जून 2022 मध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली. ती साध्या शीतकपाटाच्या तापमानात टिकते, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना परवडणारी. पण तोवर साथ ओसरली होती. साथ सरली की मागणी सरते, आणि मागणी सरली की लहान कंपनी विकायला निघते, ही खरी व्याधी आहे.

बंगालमध्ये अठराव्या शतकात ब्राह्मण टीकादार देवी टोचत, याची नोंद हॉलवेल या इंग्रजाने 1767 मध्ये केली. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पूर्वजांच्या पुण्याईवर आजच्या अर्भकाला लस मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरात काय नाही? वोखार्टने याच शहरात जनुकीय तंत्राने इन्सुलिन बनवले. विद्यापीठ आहे, वाळूज-चिकलठाण्याचा औषधनिर्मितीचा अनुभव आहे, शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी आहे. हवे आहेत तीन संकल्प : शासनाने लहान कंपन्यांना खरेदीची आगाऊ हमी द्यावी, ऑरिकमध्ये सामाईक चाचणी-उत्पादन केंद्र उभारावे, आणि आमच्या धनिकांनी भूखंडाइतकाच धीर प्रयोगशाळेवरही दाखवावा.

1989 मध्ये मोजक्या तरुण डॉक्टरांनी याच नगरात डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे केले, तेव्हा त्यांच्याकडे तरी भांडवल कुठे होते? होता तो निर्धार. रुग्णसेवेत ज्याने चमत्कार घडवला, तो निर्धार संशोधनात का दिसू नये? पुढची साथ मुहूर्त पाहून येणार नाही.