नळदुर्गला पडलेला सरदार

सप्टेंबर आला की या सदरात मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम येतोच, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. यंदा निमित्त झालं लोह्यातल्या एका शाळेतल्या प्रश्नमंजूषेचं. ‘अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एकाचं नाव सांगा,’ असा प्रश्न आला. मुलं गप्प. मग उत्तर वाचून दाखवलं, ‘हवालदार बच्चित्तर सिंग’, आणि लगेच पुढचा प्रश्न. हा माणूस आपल्या मराठवाड्यात, नळदुर्गला पडला, एवढं एक वाक्य कुणी मुलांना सांगितलं नाही. मला फार राग आला. अजून गेलेला नाही.

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून भारतीय फौज हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरली. पहाटे चारच्या सुमारास नळदुर्गच्या वाटेवर समोरून दोन गाड्या आल्या आणि गोळीबार सुरू झाला. दुसऱ्या शीख पलटणीच्या बच्चित्तर सिंगांनी चाल करून दोन्ही गाड्या ताब्यात घेतल्या. पुढं शत्रूच्या मोर्च्यातून मशीनगनचा मारा सुरू झाला. तीसएक यार्डांवर असताना मांडीत गोळ्या घुसल्या. ते पडले, पण सरपटत पुढं गेले, दोन हातबॉम्ब टाकून तो मोर्चा गप्प केला. मागं न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला आणि जीव जाईपर्यंत जवानांना हिंमत देत राहिले. अशोकचक्र हे शौर्यपदक १९५२ साली सुरू झालं आणि त्यांना ते मरणोत्तर मिळालं.

लुधियाना जिल्ह्यातल्या लोपो गावचा हा माणूस. निजाम कोण, त्याची बाजू घेणारे हत्यारबंद रझाकार कोण, बच्चित्तर सिंगांच्या घरच्यांना कशाला माहीत असणार? देश स्वतंत्र झाला तरी आपण तेरा महिने निजामाच्या राज्यातच होतो. ते जोखड काढायला तो आला आणि इथल्या मातीत राहिला. मुक्तिसंग्रामातल्या गोविंदराव पानसरे, स्वामी रामानंद तीर्थ यांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. त्यांच्या शेजारी हे नाव का नको?

आणि आपल्या नांदेड जिल्ह्याला तर ते घ्यायला दुहेरी कारण आहे. पंजाबातून माणसं नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला येतात. आमच्या गाडीत कितीदा तरी शेजारी बसलेली म्हातारी माणसं भेटली आहेत, पिशवीतून पिन्नीचा लाडू काढून हातावर ठेवणारी. त्यांना गोदावरीचा घाट दाखवतो, गुरुद्वारा दाखवतो. तुमच्याकडचा एक हवालदार आमच्यासाठी लढताना नळदुर्गला पडला, हे मात्र आम्ही त्यांना कधी सांगत नाही. लातूर-औसा ओलांडलं की नळदुर्ग काही फार लांब नाही. किल्ला आणि नर-मादी धबधबा बघायला आपली पोरं सहलीला जातातच.

मुख्याध्यापकांना विनंती आहे: येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर मुलांना बच्चित्तर सिंगांची हकिगत सांगा. आणि नळदुर्गला सहल नेलीत, तर किल्ल्यात शिरण्याआधी सांगा.