चारोळीची तारीख ठरवा

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सातपुड्यातल्या आणि विदर्भातल्या जंगलांत चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळे अजून हिरवी असतील, आणि काही ठिकाणी त्यांची तोड सुरूही झाली असेल. मे महिन्यात पिकून काळे व्हायचे फळ एप्रिलमध्येच, पुष्कळदा फांदीसकट, खाली येते. वनरक्षक, संकलक, समितीचे पदाधिकारी, व्यापारी असे सगळेच हे दरवर्षी पाहतात. तेंदूपत्त्याचा फड जसा जाहीर केलेल्या दिवशी उघडतो, तशी चारोळीच्या खरेदीलाही तारीख असली पाहिजे, आणि ती झाडाच्या पक्वतेवरून ठरली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चार हे आंबा, काजू, बिब्बा आणि पिस्ता यांच्या कुळातले झाड. बुकॅनॅनिया या प्रजातीचे नाव फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. आपण वर्षानुवर्षे ‘बुकॅनॅनिया लँझान’ म्हणून ओळखत आलो ते झाड नव्या वर्गीकरणात ‘बुकॅनॅनिया कोचिनचायनेन्सिस’ या जातीत गणले जाते. भारत, नेपाळ, म्यानमारपासून हिंदी-चीनपर्यंत ते पसरले आहे. मुरमाड, खडकाळ, उथळ जमिनीवर ते तग धरते. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल आणि जाड, चिवट पाने ही त्याची ओळख. चार जवळजवळ सदाहरित असल्यामुळे साग उघडाबोडका झालेला असतानाही त्याच्याखाली सावली असते.

जानेवारी ते मार्च या काळात त्याला बारीक, हिरवट पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. प्रत्येक फुलात पाचेक किंजदले असली तरी फळ धरते ते एकाच किंजदलातून. म्हणून एका फळात एकच गुठली आणि एका गुठलीत एकच दाणा. साधारण निम्मे वजन तेलाचे असलेला, प्रथिनांनीही समृद्ध असा हा दाणा फळ पक्व होईपर्यंत भरत राहतो. हिरव्या फळाच्या गुठलीत तो सुरकुतलेला आणि हलका निघतो. फोडताना त्याचा चुरा अधिक होतो. अशी बी पेरली तर रुजण्याची शक्यताही कमी. एका घाईपायी वजन, प्रत आणि पुढची पिढी असे तिहेरी नुकसान होते.

हे संकलकाला कळत नाही असे मानणे चूक आहे. गोंड, कोरकू, भारिया आणि बैगा घरांतल्या बायकांना चाराचे झाड आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण आज आपण थांबलो तर उद्या दुसरा कोणी तोडून नेईल, ही भीती खरी आहे. खरेदीदार हिरव्या मालालाही पैसे मोजतो, तेव्हा थांबणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. एकट्यादुकट्याच्या संयमाने हा प्रश्न सुटणार नाही. नियम सगळ्यांसाठी एक हवा आणि तो खरेदीच्या टोकाला लागू व्हायला हवा.

पैशाचा हिशेबही तेच सांगतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये चारोळीच्या गुठलीची किमान आधारभूत किंमत किलोला १०९ रुपयांवरून १२६ रुपये केली. चांगल्या, भरलेल्या गुठलीतून किलोभर दाणा काढायला साधारण चार-पाच किलो माल लागतो. त्या दराने संकलकाच्या हाती पाचशे ते साडेसहाशे रुपये येतात, आणि किरकोळ बाजारात तोच किलोभर दाणा हजार रुपयांच्या पुढे विकला जातो. कोजागिरीच्या दुधात, बासुंदीत, श्रीखंडात पडणाऱ्या चिमूटभर चारोळीची किंमत जंगलापासून दूर कुठेतरी वाढते. गावातच गुठली धुऊन, वाळवून, फोडून, दाणा प्रतवारी करून विकला तर यातला मोठा वाटा गावात राहील. मात्र त्यासाठी पक्व माल ही पहिली अट आहे. कच्च्या मालातून गुठली फोडण्याचे कोणतेही यंत्र चांगला दाणा देऊ शकत नाही.

तारीख ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आता उरलेला नाही. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली आणि वनसंपत्तीच्या वापराचे नियमन ग्रामसभेकडे सोपवले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आणि मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याचे, नियम केले. मध्य प्रदेशात चारोळी राष्ट्रीयीकृत वनोपजात मोडत नाही. त्यामुळे तिच्या व्यापारावर तेंदूपत्त्यासारखी शिस्त वरून येणार नाही. ती ग्रामसभांनीच शेजारच्या गावांशी बोलून, एकाच पट्ट्यात एकच तारीख ठेवून आणली पाहिजे. लघु वनोपज संघ आणि प्राथमिक समित्यांनी त्या तारखेआधी खरेदी करायची नाही, आणि नंतर प्रतीनुसार वेगळा दर द्यायचा, एवढे पाळले तरी हिरव्या तोडीचे आकर्षण संपेल.

रोपवाटिका चालवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. चाराच्या बीची उगवणक्षमता लवकर घटते आणि तिचे कवच कठीण असते. म्हणून पिकलेल्या फळांची ताजी बी, दाण्याला धक्का लागणार नाही अशी कवचाला चीर पाडून, पावसाच्या तोंडावर पेरावी. सोटमूळ खोल जाते, तेव्हा पिशवी उंच घ्यावी. गोध्र्याच्या केंद्रीय फलोद्यान प्रयोग केंद्राने मृदुकाष्ठ कलमाची पद्धत वापरली आणि ‘थार प्रिया’ हा वाणही दिला. बांधावर, पडीक मुरमावर अशी कलमे लागली तर जंगलावरचा भार हलका होईल. आणि मोहासाठी जंगलात लावली जाणारी आग थांबल्याशिवाय नैसर्गिक रोपे जगणार नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला १५ नोव्हेंबर २०२१ रोजी गिन्नौरगढच्या गोंड राणी कमलापतीचे नाव मिळाले. त्या स्थानकाबाहेरच्या किराणा दुकानांतही चारोळी छोट्या पुड्यांतून विकली जाते. राणीच्या वारसांपैकी ज्या बाया ती वेचतात, त्यांच्या श्रमाला रास्त दाम मिळणे हा त्या नावाचा खरा मान आहे.

म्हणून समित्यांना, वनपालांना आणि व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. या महिन्यातच ग्रामसभा बोलवा, आपल्या पट्ट्यातली झाडे पाहून तोडीची तारीख ठरवा, ती फलकावर लिहा, आणि त्या दिवसाआधी एक किलोही गुठली विकत घेऊ नका.