फरशी पायाने निवडावी

कांद्याला बरा भाव मिळाला की पुढच्या वर्षी कळवणमध्ये दोन-चार नव्या घरांचे पाये खणले जातात, हे मी कितीतरी वर्षे बघते आहे. मग वास्तुशांतीचे आमंत्रण येते. घर दाखवताना यजमान आधी काय दाखवतात, तर फरशी. "बघा, तोंड दिसतं!" खरेच दिसते. हॉलमध्ये दिसते, देवघरात दिसते आणि स्वयंपाकघरातही दिसते. हॉल आणि देवघर ज्याचे त्याने ठरवावे. स्वयंपाकघराबद्दल मात्र माझे मत अगदी ठाम आहे: तिथली जमीन तोंड बघायला नसते, उभे राहायला असते. ती ओली असताना, अनवाणी पायाने तपासून घ्यावी. रंग, नक्षी, भाव हे सगळे त्यानंतर.

थोडे मागे जाते. आमच्या लहानपणी चूल जमिनीवर होती, पोळपाट जमिनीवर होता, पंगतही जमिनीवरच बसे. शेणामातीने सारवलेल्या त्या जमिनीशी बायकांचा हात रोजचा होता. कुठे पोपडा निघाला, कुठे ओल आली, हे डोळ्यांआधी तळव्याला कळे. पुढे शहाबादी फरशी आली, मग कोटा आला. शहाबाद कर्नाटकातले, कोटा राजस्थानातले, दोन्ही चुनखडीचेच दगड. बऱ्या परिस्थितीतल्या घरांत मोझॅक टाइल्स आल्या. मुंबईकडे नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या त्याआधीच होत्या. 'भारत फ्लोरिंग्ज' ही कंपनी १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतूनच सुरू झाली होती. आता बहुतेक माल मोरबीचा. सापुताऱ्याच्या पलीकडे गुजरात, आणि तिथून दोन बाय दोन, दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रीफाइड टाइल्सचे ट्रक येतात.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट निसटली. चूल ओट्यावर चढली, आपण उभ्याने स्वयंपाक करू लागलो आणि जमिनीशी हाताचा संबंध तुटला. राहिला तो पायाचा. पण दुकानात टाइल कशी ठेवलेली असते? उभी, स्टँडवर, वरून दिव्यांचा झोत. म्हणजे जिच्यावर चालायचे ती वस्तू आपण चित्रासारखी समोर धरून निवडतो. पायाला कोणी विचारतच नाही.

आणखी एक गंमत बघा. बाथरूमसाठी आपण सगळे आठवणीने 'अँटीस्किड' टाइल मागतो. स्वयंपाकघरात मात्र ग्लॉसी. का? तिथे पाणी सांडत नाही? सिंकखाली थेंब असतातच, पातेले उतरवताना सांडते, भाजी धुऊन नेताना ठिबकते. शिवाय बाथरूममध्ये नसते ते तेल इथे असते. फोडणीचे बारीक शिंतोडे जमिनीवर बसतात. तेलाचा पातळ थर आणि वर पाणी, यापेक्षा निसरडे आणखी काय असणार?

आमच्या नात्यातल्या एक वहिनी अशाच पडल्या. घरचे वाचक ओळखतीलच, म्हणून नाव लिहीत नाही. नव्या घराला वर्षही झाले नव्हते. सिंककडून गॅसकडे जेमतेम चार पावले, कुकर बंद करायला निघाल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले, आता काठीने चालतात. पण ज्या बाईने चाळीस वर्षे एकटीने घरचे सणवार ओढले, ती आता सोबत कोणी असल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. पाय टेकतानाच भीती वाटते म्हणतात. सुनेने आता तिथे पायपुसणी टाकली आहेत, तर गुळगुळीत फरशीवर तीही सरकतात!

हे एका घरापुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत ६० वर्षांवरच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. आपण आयुष्यात घर एकदाच बांधतो. बांधताना चाळिशी-पन्नाशीत असतो, आणि त्याच फरशीवर सत्तरीत चालायचे असते. हा हिशोब टाइल घेताना मनात असावा.

आता थोडे मास्तरकीचे. सवय जात नाही! टाइल किती धरून ठेवते हे मोजायची जर्मनीतून आलेली एक पद्धत आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवतात, तिच्यावर तेल सोडतात, बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो आणि फळी हळूहळू कलती करत नेतात. कितव्या अंशाला पाय सरकला, त्यावरून आकडा देतात. ६ ते १० अंशांपर्यंत टिकली तर आर ९, १९ पर्यंत आर १०, २७ पर्यंत आर ११. पण ही परीक्षा बुटांची झाली, आणि आपण तर स्वयंपाकघरात अनवाणी! अनवाणी पायांची परीक्षा वेगळी, साबणाच्या पाण्यावरची. तिथे अक्षरे देतात: ए, बी आणि सी. 'ए'ला किमान १२ अंश लागतात, 'बी'ला १८, 'सी'ला २४. दुकानदाराला हे जरूर विचारावे. माहितीपत्रकात असेल तर तो दाखवेल. नसेल तर सरळ एक टाइल विकत घ्यावी, घरी आणून ओट्याजवळ जमिनीवर ठेवावी, पाणी आणि तेलाचे दोन थेंब टाकावे, आणि ओटा घट्ट धरून अनवाणी पाय घासून पाहावा. एका टाइलची किंमत ती काय! ऑपरेशनच्या बिलाशी तुलना करा.

माझ्या पुतण्याचे घर सध्या स्लॅबपर्यंत आले आहे. त्याचे म्हणणे, "काकू, मॅट टाइल मळते, चकचकीत पुसायला सोपी." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाथरूमसारखी खोल खाचांची टाइल स्वयंपाकघरात घातली तर खाचांत पीठ आणि तेल अडकून काळी रेघ बसते. म्हणून खाचांची नकोच. मॅट पण सपाट घ्यावी. व्हिट्रीफाइड टाइल ग्लॉसी असो की मॅट, आतली माती तीच. ती पाणी शोषते अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. डाग आत जात नाही, वर बसतो, आणि साबणाच्या कोमट पाण्याने निघतो. पोछा एकदा जास्त फिरवावा लागेल, एवढेच. रंगही अगदी ठिपक्याठिपक्यांचा घेऊ नये. ठिपक्यांत कचरा दिसत नाही असे सांगतात, ते खरे आहे. पण मग सांडलेले तेलही दिसत नाही.

कोटा वाईट नाही, उलट पायाला फार चांगला. पण घासून आरसा केलेला कोटा ओला झाला की तोही निसरडा. आणि चुनखडीचा असल्याने लिंबू, चिंच सांडून राहिली की त्याची चमक तिथे उडते. तो आणि मोझॅक साफ करायला अॅसिड तर कधीच वापरू नये.

मग चकाकीची हौस भागवायची कुठे? ओट्यामागच्या भिंतीवर. गवंडी तिला डॅडो म्हणतात. तिथे पाय जात नाही, हात जातो, ओले फडके जाते. तिथे ग्लॉसी टाइलच बरी, एका हातात पुसून निघते. पांढरी घ्या, निळी घ्या, फुलांची घ्या, माझे काही म्हणणे नाही. फक्त भिंतीची टाइल चुकूनही जमिनीला घालू नये. ती पाणी दहा टक्क्यांहून जास्त शोषते आणि अंगाने कच्ची असते, वरवंटा पडला की संपली. जमिनीची व्हिट्रीफाइड भिंतीला चालते, पण ती पाणीच शोषत नसल्याने साध्या सिमेंटला नीट धरत नाही. तिला टाइलचा चिकटा लागतो.

डॅडोची खरी दुखरी जागा म्हणजे सांधे. टाइल दहा वर्षे नवी दिसते, मधल्या रेघा मात्र सहा महिन्यांत पिवळ्या होतात. सिमेंटचा सांधा तेल आणि हळद पिऊन घेतो. गॅसच्या मागे तरी इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावे. महाग पडते, पण जागा असते केवढीशी! सांधे कमी हवेत म्हणून डॅडोला मोठी टाइल चांगली. आणि जमीन असो की भिंत, एक खोके जास्तीचे घेऊन ठेवावे. पुढच्या खेपेच्या मालाची छटा जुळत नाही.

शेवटी एवढेच. घराचा नकाशा इंजिनिअर काढतो, टाइल घरातला कर्ता पुरुष पसंत करतो, गवंडी बसवतो. जी त्या जमिनीवर रोज चार-पाच तास उभी राहणार, तिला दुकानात नेतात ते बहुधा रंग विचारायला. हल्ली काही घरांत मुलगेही स्वयंपाक करतात, चांगलेच आहे, त्यांनाही न्यावे. घरात आजी असेल तर तिला सगळ्यांत आधी न्यावे. दुकानदाराला सांगून टाइल स्टँडवरून खाली काढायला लावावी, जमिनीवर आडवी ठेवावी, पेलाभर पाणी मागावे आणि आजीचा हात धरून तिला चप्पल काढायला सांगावे. दुकानदार हसेल. हसू द्यावे. ती "हो" म्हणाली की मगच रंगाकडे वळावे.