मेणबत्तीचा हिशोब

रिलीज झाल्यावर मॅनेजरची मेल आली: टीमने म्हणे मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळली! सकाळी नऊची मीटिंग, रात्री बाराचा क्लायंट कॉल. सगळे खूश. मला मात्र ही स्तुती वाटेना.

'बर्निंग द कँडल अ‍ॅट बोथ एन्ड्स' इंग्रजीत फ्रेंचमधून आलं, आणि तेव्हा अर्थ होता सरळसरळ उधळपट्टी. मेणबत्ती स्वस्त नव्हती राव! ब्रिटनमध्ये १७०९ ते १८३१ तिच्यावर चक्क कर होता. 'नॉट वर्थ द कँडल' म्हणजे पत्त्यांच्या डावात मेणबत्तीचाही खर्च न निघणं. तेव्हा लोक हिशोब तरी करायचे. आता बटण दाबलं की उजेड, त्यामुळे जळतंय काय हेच दिसत नाही.

असो. सोमवारी कॉम्प-ऑफ मागणार आहे.