बांधीबांधीने वाचावयाची कादंबरी

फुलचूरच्या शिवारात धानाची शेती ज्याने डोळसपणे पाहिली असेल, त्याला हे ठाऊक असेल की प्रत्येक बांधी आपापल्या धुऱ्याच्या चौकटीत स्वतंत्र दिसत असली, तरी वरच्या बांधीतले पाणी धुऱ्याला पाडलेल्या वाटेने खालच्या बांधीत उतरत असते आणि साऱ्या शेताचे पोषण त्या एकाच ओलाव्यावर होत असते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) वाचताना मला या रचनेचे सतत स्मरण होते. औंध संस्थानच्या मुलखातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर दाखल होतो. मग कारभारी येतो, आनंदा रामोशी येतो, लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते, आणि अखेर दुष्काळाने मेंढरांसह माणसे परागंदा होतात. सलग कथानक नाही अशी तक्रार करणाऱ्यांना माझे नम्र उत्तर असे की, गावाचे आयुष्य कोणालाही सलग दिसत नाही; ते असेच, एकेका प्रसंगाच्या लख्ख उजेडात दिसते. भाताच्या मुलखातल्या मला माणदेशची कोरडी माती पायांखाली जाणवली, ती या प्रसंगचित्रांमुळेच; एक प्रकरण संपवून पुस्तक मिटावे, तर कारभारी मनातून हलत नाही. रोवणीच्या दिवसांत वाचनास सवड नाही हे खरे. पण दिवेलागणीनंतर एका प्रकरणापुरता वेळ काढा, आणि ते घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा.