लहान चालेल, उणा चालणार नाही

थेरगावच्या डांगे चौकात सकाळी उभे राहिले, म्हणजे या औद्योगिक पट्ट्याचे वर्गचित्र डोळ्यांपुढून सरकत जाते. चाकणच्या पहिल्या पाळीच्या गाड्या अंधारातच कामगारांना घेऊन निघून जातात. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या गाड्या उन्हे वर आल्यावर येतात. पहिल्या गाडीतील कंत्राटी कामगाराच्या खिशात पुष्कळदा घरातला एकुलता एक स्मार्टफोन असतो. तो संध्याकाळी परत येईपर्यंत महानगरपालिकेच्या शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलीचा फोनवर अवलंबून असलेला अभ्यास थांबून राहतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा ही गोष्ट घरोघर उघडी पडली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने ती आधीच सांगून ठेवली होती. त्या पाहणीनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता.

शाळकरी मुलांसाठी लहान आकाराचा आणि कमी किमतीचा टॅबलेट सार्वजनिक यंत्रणेमार्फत काढावा काय, हा वाद आमच्या या भागातील कार्यकर्त्यांत चालू आहे, तो या पार्श्वभूमीवर. एक पक्ष म्हणतो, काहीच नसण्यापेक्षा थोडे असलेले बरे. दुधाची तहान ताकावर भागवावी. दुसरा पक्ष म्हणतो, गरिबांच्या नावाने काढलेली स्वस्त वस्तू ही शेवटी गरिबांची फसवणूकच ठरते. तेव्हा अशा मागणीच्या नादी लागू नये. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. म्हणूनच हा प्रश्न घोषणांनी न सोडवता नीट तपासून पाहिला पाहिजे.

पहिली गोष्ट आकाराची. ऑक्टोबर २०१० मध्ये अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची पडद्याच्या टॅबलेटची जाहीर हेटाळणी केली होती. एवढ्याशा पडद्यावर काम करावयाचे, तर माणसांना आधी बोटे घासून बारीक करावी लागतील, असा तिचा आशय होता. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्याच कंपनीने ७.९ इंची पडद्याचा ‘आयपॅड मिनी’ ३२९ डॉलर किमतीला जाहीर केला. मधल्या काळात माणसांची बोटे बारीक झाली नव्हती. अ‍ॅमेझॉन आणि गूगल या कंपन्यांनी सात इंची टॅबलेट १९९ डॉलरना विकावयास काढले होते, एवढाच काय तो फरक पडला होता. भांडवलदारी उद्योगात लहान वस्तू काढावी की नाही, याचा निर्णय असा होतो. लहान वस्तूमुळे मोठ्या वस्तूचा खप किती घटेल आणि प्रतिस्पर्ध्याचा किती तुटेल, एवढाच तेथे हिशेब असतो.

आपला हिशेब वेगळा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसांत बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला सात-आठ इंची पडदा सोयीचा आहे. पाठ्यपुस्तकाचे पान फोनवर मावत नाही. ते येथे वाचता येते. हातात धरता येईल, दप्तरात जड होणार नाही आणि बापाच्या पाळीबरोबर चाकणला जाणार नाही, अशी ही वस्तू आहे. तेव्हा लहानपणाला आमचा आक्षेप नाही. प्रश्न आहे तो स्वस्ताईचा. किंमत खाली आली ती नेमके काय कापून आली, हे विचारल्याखेरीज कोणत्याही स्वस्त वस्तूचे स्वागत करता येत नाही.

या बाबतीत देशाने एक धडा घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ नावाचा टॅबलेट दिल्लीत समारंभपूर्वक प्रकट केला. डेटाविंड या कंपनीकडून सरकारला तो २,२७६ रुपयांना मिळणार होता. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण त्याच्या पोटात होते काय? ३६६ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि बोटाने नुसता स्पर्श करून न भागता दाबावा लागणारा पडदा. यंत्र संथ चालते, पडदा दाद देत नाही, बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढे हे काम राजस्थानच्या आयआयटीकडून मुंबईच्या आयआयटीकडे गेले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘आकाश-२’ आला. किंमत २,२६३ रुपये. विद्यार्थ्याला तो १,१३० रुपयांत मिळावयाचा होता. प्रोसेसरचा वेग जवळजवळ तिप्पट झाला, स्मृती दुप्पट झाली, पडदाही सुधारला. म्हणजे तेवढ्याच किमतीत बरी वस्तू देणे अशक्य नव्हते. परंतु तोवर ‘आकाश’ या नावाला स्वस्त आणि टाकाऊ असा जो डाग लागला, तो पुसला गेला नाही. योजना काही वर्षांतच थंडावली आणि कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या हाती टॅबलेट देण्याच्या घोषणा हवेत विरून गेल्या.

द्रोणाच्या घरी दूध नव्हते, तेव्हा पिठात पाणी कालवून अश्वत्थाम्याला दूध म्हणून पाजण्यात आले. ‘थोडे असलेले बरे’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी ही कथा आठवावी. ताकाला आमचा विरोध नाही. ताक हे सकस अन्न आहे. विरोध पिठाच्या पाण्याला आहे. ज्या यंत्रावर धडा उघडण्यास इतका वेळ लागतो की मूल कंटाळून ते बाजूला ठेवते, ते यंत्र मुलाला ज्ञान देत नाही. आपल्यासाठी असते ते असेच असते, एवढेच ते त्याला शिकवते.

मग स्वस्त आणि चांगले यांची सांगड पडतच नाही काय? पडते, आणि त्याचा पुरावा थेरगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशी कंपन्यांच्या मुठीत असलेले औषध देशात, सार्वजनिक मालकीत निघू लागले. त्या वेळी ‘गरिबांना परवडावे म्हणून निम्म्या शक्तीचे पेनिसिलिन काढा’ असे कोणी शहाण्याने सुचविले असते, तर त्याला वेड्यात काढले गेले असते. मात्रा तीच राहावयाची होती. उतरावयाची होती ती किंमत. पुढे हाच कारखाना कसा आजारी उद्योगांच्या रांगेत जाऊन बसला, ही कहाणी वेगळी आणि दुःखाची आहे. परंतु त्याने घालून दिलेला दंडक त्यामुळे खोटा ठरत नाही.

दुसरा पुरावा पुण्यातच आहे. १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली. तिचे पुस्तक बंगल्यातल्या मुलाला आणि चाळीतल्या मुलाला एकच असते. गरिबांसाठी वीस पाने कमी असलेली आवृत्ती तिने कधी काढली नाही. पुस्तक स्वस्त झाले ते मोठ्या प्रमाणावरील छपाईमुळे आणि नफेखोरी वगळल्यामुळे. स्वस्ताईचे दोन मार्ग आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. एक मार्ग मधला नफा, जाहिरात आणि मक्तेदारी कापतो; दुसरा वस्तूचे सत्त्व आणि मजुराचे वेतन कापतो. पहिला आपला आहे. दुसऱ्याला कितीही लोककल्याणाचे नाव दिले, तरी तो आपला होऊ शकत नाही.

वेतनाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. हातातल्या झुळझुळीत पडद्यामागे कोणाचे हात आहेत, हे कामगारांच्या पक्षाने विसरून कसे चालेल? २०१० साली चीनमध्ये शेंझेन येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिकाच घडली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. मे २०११ मध्ये त्याच कंपनीच्या चेंगडू येथील कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले; तेथे आयपॅडचे काम चालत असे. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातील नरसापूर येथे विस्ट्रॉनच्या कारखान्यात पगाराच्या तक्रारींतून असंतोषाचा भडका उडाला. चाकणच्या कंत्राटी कामगाराला यात परके असे काहीच वाटणार नाही. त्याच्या मुलीला टॅबलेट स्वस्त मिळावा म्हणून त्याच्यासारख्याच दुसऱ्या बापाचा पगार कापला जावा, हा सौदा त्याने पत्करावा असे आपण त्याला सांगणार काय?

आता उरतो तो शाळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. २००५ साली निकोलस निग्रोपोंटी यांनी प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरचा संगणक ही कल्पना जगापुढे मांडली. शंभर डॉलरची किंमत प्रत्यक्षात गाठलीच गेली नाही. भारत सरकारने २००६ साली ही योजना नाकारली. तरीही रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली तिचा प्रयोग झाला. पण तो प्रयोगच राहिला. पेरू देशाने मात्र असे आठ लाखांहून अधिक संगणक घेतले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या पाहणीने २०१२ साली निष्कर्ष काढला, की मुलांच्या गणितात वा भाषेत त्यामुळे मोजता येईल अशी प्रगती झालेली नाही. त्याच खंडातील उरुग्वेने २००७ साली सुरू केलेल्या ‘सेइबाल’ योजनेत मात्र संगणकाबरोबर शाळेत इंटरनेटची जोडणी, दुरुस्तीची व्यवस्था आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही जबाबदारीही शासनाने उचलली. ती योजना टिकली. यंत्र शिक्षकाच्या हाती साधन म्हणून येते तेव्हा उपयोगी पडते. शिक्षकाच्या जागी येते तेव्हा शाळा ओस पाडते. शिक्षकभरती रोखून धरणारे सरकार हौसेने टॅबलेट वाटू लागले, तर आपण सावध झालेच पाहिजे.

तेव्हा आमचे मत असे आहे. लहान, स्वस्त टॅबलेट काढण्याच्या मागणीला पक्षाने पाठिंबा द्यावा, पण डोळे मिटून देऊ नये. आधी किंमत ठरवून मग तिच्यात मावेल तेवढे यंत्र, हा क्रम उलटला पाहिजे. मुलाला काय वाचावयाचे, किती वेळ वाचावयाचे, किती वर्षे वापरावयाचे, हे शिक्षकांनी आधी ठरवावे. त्यानुसार किमान दर्जा बांधला जावा आणि खरेदीपूर्वी यंत्राची परीक्षा दिल्लीच्या व्यासपीठावर न होता थेरगावच्या महानगरपालिका शाळेत व्हावी. बॅटरी बदलता आली पाहिजे आणि सुटे भाग अनेक वर्षे मिळाले पाहिजेत. मोरवाडीला महानगरपालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दुरुस्तीचे काम तेथील मुलांना शिकवून त्यांच्याच हाती सोपविता येईल. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवाचूनही त्यावर उघडावीत. आज्ञावली मुक्त असावी. केरळने आपल्या शाळांत मुक्त आज्ञावली वापरून हे शक्य आहे हे दाखवून दिले आहे. मुलांवर जाहिरातींचा मारा होऊ नये आणि त्यांची माहिती कोणत्याही कंपनीला विकली जाऊ नये. जेथे यंत्र जुळविले जाईल तेथे समान कामाला समान वेतन असावे, ही अट निविदेतच लिहिलेली असावी. आणि यंत्राच्या पाठीवर कोणाही पुढाऱ्याचे छायाचित्र नसावे, कारण हे कोणाचे दान नाही, करदात्या जनतेचे धन आहे.

इतक्या अटी घातल्या, तर मागणी हवेतच राहील, असे काही मित्र म्हणतील. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. अटी पुऱ्या होईपर्यंत मुलीने वाट पाहावी काय? नाही. तोवर प्रत्येक महानगरपालिका शाळेत आणि वस्तीतील वाचनालयात रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असावी. तेथे पाच-दहा चांगली यंत्रे सामाईक मालकीची असावीत. शंभर घरांत शंभर मोडकी यंत्रे पडून राहण्यापेक्षा एका खोलीत दहा चालती यंत्रे असणे केव्हाही श्रेयस्कर. पिंपरी-चिंचवडसारख्या सधन महानगरपालिकेला हे जड नाही. ही मागणी उद्याच घेऊन जाता येईल अशी आहे, आणि पालकांच्या सह्या गोळा करण्यास कोणत्याही तंत्रज्ञानाची गरज नाही.

कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना एवढे एक सूत्र ध्यानात ठेवावे. कोणी स्वस्त वस्तू पुढे केली, की तीन प्रश्न विचारावेत: हिच्यातून काय काढून घेतले? ही कोणाच्या श्रमावर स्वस्त झाली? आणि मोडल्यावर ही कोण दुरुस्त करणार? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर वस्तू कितीही लहान असो, ती अवश्य घ्यावी. न मिळाली, तर ती फुकट दिली तरी परत करावी. पहिल्या पाळीला गेलेल्या कामगाराची मुलगी कोणाच्या दयेवर जगत नाही. तिच्या वाट्याला येणारा पडदा लहान असू शकेल. त्यावर उमटणारे जग मात्र कोणाहूनही उणे असता कामा नये.